गुरुजींच्या कॉम्प्युटरची वाटणी

महाडच्या बाजारपेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान तेवीस वर्षं होतं. पहिली चार-पाच वर्षं गिऱ्हाईक आत यायचं, माझ्याकडे बघायचं, मग माझ्या मागे कोणी आहे का ते बघायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कधी येतील?" हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली न ठेवता मी सांगायची, "आलेत. बोला." काही जण बसायचे. काही जण "जरा बँकेत जाऊन येतो" म्हणून जायचे आणि बँकेतच राहायचे.

पुढे हे थांबलं. मी दुकानात नसले तर लोक पायरीवर बसून राहू लागले. पाचाडचे एक हॉटेलवाले एकदा एसटीने नुसता मॉनिटर मांडीवर घेऊन आले. म्हणाले, "ताई, सगळं यातच दिसतं, मग बिघाड यातच असणार." मी त्यांना परत पाठवलं आणि खालचा डबा आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर आत उंदराने कागदी नॅपकिनांचं ऐसपैस घर केलेलं. हॉटेलवाले बराच वेळ त्या घराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तरीच नॅपकिन पुरत नव्हते."

अशा गमती पुष्कळ आहेत. पण मला तेवीस वर्षांतलं सगळ्यात मोठं काम कोणतं असं कोणी विचारलं, तर मी एकाच कॉम्प्युटरचं नाव घेते. त्या कामाची सुरुवात माझ्या चुकीने झाली, तरीही.

सावित्रीला मोठा पूर आला त्यानंतरची गोष्ट. दुकानात छातीभर पाणी होतं. गाळ काढून, भिंती वाळवून पुन्हा दुकान मांडलं तेव्हा लोक जुनीपुराणी मशीनं घेऊन येऊ लागले. नवं घेण्याची कोणाची स्थिती नव्हती. माळ्यावर टाकलेले, कोणी मुंबईहून पाठवलेले, शाळांनी मोडीत काढलेले कॉम्प्युटर. त्यांच्यावर नवी विंडोज घालायची म्हणजे थकल्या बैलाला ट्रक जोडण्यासारखं. तेव्हा मी लिनक्स शिकायचं ठरवलं. वय एकोणपन्नास.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटर सुरू झाला की त्यात सगळ्यात आधी एक कारभारी जागा होतो. फाइल उघडणं, कागद छापणं, इंटरनेट लावणं, सगळं त्याच्या हुकमाने चालतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा कारभारी म्हणजे विंडोज. लिनक्स हा दुसरा कारभारी. तो फुकट मिळतो आणि जुन्या मशीनवर कुरकुर न करता काम करतो. पण त्याची रीत वेगळी, भाषा वेगळी. हिंदीतले व्हिडिओ बघून, वहीत टिपणं काढून मी दहा-बारा दिवस दुकानातल्याच एका मशीनवर सराव केला. दोनदा सगळं पुसून टाकलं. तिसऱ्यांदा जमलं. माझंच मशीन, माझाच तोटा, त्यामुळे त्या दोन वेळांचं मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

त्याच आठवड्यात दासगावचे जाधव गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खांद्याला कापडी पिशवी. रिक्षातून त्यांनी आपला कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून आणला होता.

"ताई, हा चालू केला की मी चहा ठेवतो, पितो, कप विसळतो, तेव्हा कुठे याला जाग येते," ते म्हणाले. "याला जरा तरतरी आणा. पण आतलं काही हलता कामा नये."

आत काय होतं ते त्यांनी सांगितलं. निवृत्त झाल्यापासून बारा वर्षं गुरुजी महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर फिरत होते. म्हाताऱ्या माणसांपाशी बसायचे आणि त्यांचं जुनं आयुष्य ऐकायचे. कोणी सुईण होती, कोणी रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली, कोणी गाव सोडून गिरणीत गेलेला. आपल्या बौद्धवाडीपासून सुरुवात केली आणि मग डोंगरातल्या वाड्यांपर्यंत पोहोचले. आधी वहीत लिहायचे, मग भाच्याने टायपिंग शिकवलं तेव्हा एका बोटाने कॉम्प्युटरवर उतरवायचे. दोनशेच्या वर माणसं झाली होती.

"वह्या?" मी विचारलं.

"वह्या खालच्या खोलीत होत्या. पुराने नेल्या. कॉम्प्युटर माळ्यावर होता म्हणून राहिला."

म्हणजे जे काही होतं ते त्या गोधडीत होतं.

अडचण एवढीच होती की गुरुजींचा मराठी टाइप करायचा प्रोग्राम जुना. तो जुन्या विंडोजवरच चालायचा. विंडोज काढून चालणार नव्हतं आणि नुसत्या विंडोजने मशीन धावणार नव्हतं. मी म्हटलं, "गुरुजी, दोन्ही ठेवू. एकाच घरात दोन चुली. सुरू केलं की मशीन विचारील, कुठल्या चुलीवर रांधायचं. जुनं लेखन असेल तेव्हा विंडोज, बाकी वेळी लिनक्स."

"भांडणं नाही होणार?"

"वाटणी नीट केली तर नाही."

वाटणी म्हणजे आतल्या डिस्कचे भाग. गुरुजींच्या डिस्कचे तीन भाग होते. पहिल्यात विंडोज, दुसऱ्यात त्यांचं सामान, तिसऱ्यात भाच्याने भरलेले सिनेमे. मी विचारलं, "तुमचं लेखन कुठे असतं?" त्यांनी दुसरा भाग उघडून दाखवला. त्यात फोटो होते, समाजमंदिराची पत्रं होती आणि 'लेखन' नावाचा फोल्डर होता. तो मी त्यांच्यासमोर उघडला. फाइलींची लांब यादी दिसली.

"आणि तिसऱ्यात?"

"ते भाच्याचे सिनेमे. काढून टाका."

मी दुसरा भाग पुरा माझ्या डिस्कवर उतरवून घेतला. चांगला अर्धा तास लागला, म्हणून शंकाही आली नाही. मग तिसरा भाग पुसला आणि तिथे लिनक्स घातलं. पहिल्या फटक्यात सगळं बसलं. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, वर लिनक्स, खाली विंडोज. मी इतकी खूश झाले की शेजारच्या कापडवाल्याला बोलावून त्या दोन ओळी दाखवल्या. त्याला काही कळलं नाही, पण बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि लिनक्स सुरू करून दाखवलं. "अरे, चहा ठेवायला वेळच नाही दिला," ते म्हणाले. मग मी बंद करून विंडोज सुरू केलं.

"माझं लेखन उघडा बघू."

मी 'लेखन'वर क्लिक केलं. पडद्यावर एक चौकट आली. त्यात लिहिलं होतं की हा पत्ता ज्या जागेचा आहे ती जागा सापडत नाही.

मला त्याच क्षणी कळलं. 'लेखन'च्या चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक बाण होता. तो बाण असला म्हणजे ती वस्तू नसते, वस्तूकडे जायची नुसती पाटी असते. कधी तरी दुसरा भाग भरला तेव्हा भाच्याने खरा फोल्डर तिसऱ्या भागात, सिनेमांच्या शेजारी हलवला होता आणि गुरुजी गोंधळू नयेत म्हणून जुन्या जागी पाटी ठेवली होती. मी पाटीची कॉपी केली होती आणि दुकान पाडलं होतं.

तोवरच्या वर्षांत मी अशा शेकडो पाट्या बघितल्या असतील. तो बाण मला दिसायला हवा होता. उतरवून घेतलेल्या कॉपीतली एक फाइल उघडून बघितली असती तरी पुरे होतं. शिकाऊ माणसालाही मी हेच सांगितलं असतं.

आता एक खरं सांगते. आमच्या धंद्यात 'व्हायरस' हा फार सोयीचा शब्द आहे. मेकॅनिकच्या हातून काही बिघडलं की व्हायरस होता म्हणायचं. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि जातं. तो शब्द माझ्या तोंडात आला होता. गुरुजी माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"गुरुजी," मी म्हटलं, "तुमचं लेखन माझ्या हातून पुसलं गेलंय."

आणि कसं ते सगळं सांगितलं. पाटी, बाण, तिसरा भाग. संपल्यावर त्यांनी पाणी मागितलं. भांडं पुरतं रिकामं केलं आणि टेबलावर ठेवलं.

"परत येण्यासारखं आहे?"

"काही येईल. किती ते आज सांगता येणार नाही."

"शाळेत मी पोरांना नापास केलं तर तोंडावर सांगायचो," ते म्हणाले. "बापालाही बोलावून सांगायचो. लोकांना ते आवडायचं नाही." मग पिशवी उचलून ते उठले. "मी उद्या पहिल्या एसटीने येतो."

फाइल पुसली म्हणजे ती लगेच नाहीशी होत नाही. वहीची अनुक्रमणिका फाडल्यासारखं असतं ते. पानं जागच्या जागी असतात, पण कुठलं पान कशाचं ते कळत नाही. फक्त त्या पानांवर नवं काही लिहायचं नाही. मी तर काही पानांवर अख्खं लिनक्स लिहून बसले होते. म्हणून आधी मशीनची वायर काढली. डिस्क बाहेर काढली आणि दुसऱ्या डिस्कवर तिची हुबेहूब नक्कल केली, कणाकणाची, रिकाम्या जागांसकट. त्याला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. पुढचं सगळं त्या नकलेवर. आणि अशी हरवलेली पानं वेचून काढणारं हत्यार कशात निघालं, तर लिनक्समध्येच. ज्याच्या हौसेपायी घालवलं, त्याच्याचकडे मागायला गेले. वही उघडली, व्हिडिओ लावला आणि पहिलीतल्या मुलीसारखी एक एक ओळ गिरवत ते चालवलं.

फाइली येऊ लागल्या. सिनेमांचे तुकडे, फोटो, कसले कसले अवशेष, आणि त्यांच्यात लिखाणाच्या फाइली. सहाशेच्या आसपास. गुरुजींच्या दोनशे फाइलींच्या जुन्या-नव्या प्रती मिसळलेल्या. नावं मात्र सगळ्यांची गेलेली. प्रत्येक फाइलला नावाच्या जागी एक लांबलचक आकडा.

आता त्या फाइली ओळखणार कोण? जगात एकच माणूस ओळखू शकत होता आणि तो पहिल्या एसटीने रोज येत होता.

तीन आठवडे गुरुजी माझ्या दुकानात बसले. मी फाइल उघडायची, ते पहिल्या दोन ओळी वाचायचे आणि नाव सांगायचे. मी नाव लिहायची. गिऱ्हाईक आलं की मी उठायची, गुरुजी तेवढ्यात पुढची वाचून ठेवायचे. मला वाटलं होतं ते आठवून, चाचपडत सांगतील. तसं झालं नाही. "'तेव्हा मीठ खड्यांचं यायचं आणि आम्ही ते चोखत शाळेत जायचो.' हा धोंडू. नाही, थांबा, धोंडू शाळेत गेलाच नाही. ही त्याची बहीण." असं. एखाद्या फाइलला ते हसायला लागायचे, मग मला सबंध वाचून दाखवायचे. एखादीला नुसतं नाव सांगायचे आणि म्हणायचे, "पुढची घ्या."

त्या तीन आठवड्यांत मी माझ्याच तालुक्यातली इतकी माणसं ऐकली की मला लाज वाटली. रोज ज्या रस्त्याने जाते त्याची खडी कोणी फोडली ते मला पन्नाशीत कळलं.

शेवटी हिशेब लागला. बहुतेक सगळी माणसं परत आली. काही अर्धी आली, ती गुरुजींनी आठवून पुरी केली. नऊ आली नाहीत. ती ज्या जागी होती तिथे मी लिनक्स लिहिलं होतं. गुरुजींनी कागदावर नऊ नावं काढली आणि सात नावांपुढे बारीक फुली केली. ती माणसं वारली होती. आठवी बाई मुंबईला मुलाकडे होती आणि तिला आता मुलाचंही नाव आठवत नव्हतं. त्या आठ जणांचं मी काही करू शकत नाही. अजूनही एखादं मशीन उघडताना त्यांची आठवण येते. त्यांची नावं मला पाठ आहेत.

नववी होती भागूआजी. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला एका वाडीत राहायची आणि ती अजून हयात होती. मी गुरुजींना म्हटलं, "मी येते तुमच्याबरोबर. पुन्हा लिहून घेऊ."

पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे जीप, मग चालत. गुरुजींनी वाटेत सांगितलं की आजीचं फार मोठं नव्हतं. दीडेक पान. पूर्वी वाडीतल्या बायका डोक्यावर तांदूळ आणि कोंबड्या घेऊन घाट चढून महाबळेश्वरच्या बाजाराला जायच्या आणि बटाटे घेऊन उतरायच्या, एवढंच.

आजी ओटीवर नाचणी पाखडत होती. गुरुजींना तिने लगेच ओळखलं.

"मास्तर, पुन्हा आलाव? मागं सांगितलं की सगळं."

गुरुजी माझी चूक झाकायला काही तरी बोलणार हे माझ्या लक्षात आलं, म्हणून मीच म्हटलं, "आजी, त्यांनी लिहिलेलं माझ्या हातून पुसलं. म्हणून परत विचारायला आलेय."

"पुसलं? पाटीवरचं पुसतात तसं?"

"तसंच."

"मग लिव पुन्हा. त्यात काय हाय."

तेवढ्यात शेजारच्या घरातला माणूस आला आणि कसला तरी सरकारी कागद वाचून द्या म्हणून गुरुजींना घेऊन गेला. मी आणि आजी उरलो. मी फोन ओटीवर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. गुरुजींसारखं कसं विचारायचं ते मला माहीत नव्हतं. मनात आलं ते विचारलं.

"आजी, एवढं ओझं घेऊन घाट चढायचा. वाटेत कोणाला काही झालं तर काय करायचात?"

तिचा सुपाचा हात थांबला. तिने गुरुजी गेले त्या बाजूला बघितलं.

"माझी जाऊ होती, पारू," ती म्हणाली. "दिवस भरत आलेले, तरी सासूनं धाडली. आमी चौघी. अर्ध्या घाटात पारू बसली ती उठंच ना. मला कळलं नाय, मी पंधरा वर्साची. थोरल्या दोघींना कळलं. लुगड्याचे पदर धरले भवती आणि रस्त्याच्या कडंला तिला मोकळी केली. नाळ कोणी कापली ठावं हाय? मी. इळा माझ्याकडं होता ना. असा धरला," आणि तिने मूठ वळून मला दाखवलं.

"मग परत फिरलात?"

"परत कशी फिरणार गो? ओझी होती की. एक पारूपाशी बसली. आमी दोघींनी चौघींची ओझी वर नेली, दोन खेपा करून. बाजार केला. सांजच्याला उतरताना पोर कोंबड्यांच्या टोपलीत घातली, पारूला मधी घेतली आणि आलो. सासूनं पहिलं काय इचारलं सांगू? बटाटे किती आणले."

"आणि मुलगी?"

"मुंबईला हाय. तिची नात लग्नाची झाली."

मी विचारलं, "हे गुरुजींना कसं नाही सांगितलंत?"

"मास्तरानं बाजाराचं इचारलं, मी बाजाराचं सांगितलं. बाप्यामाणसासमोर हे काय सांगायचं?" आणि तिने सूप पुन्हा हलवायला घेतलं. मग म्हणाली, "आता लिव तू. पारू गेली. तिला काय वाटायचं नाय आता."

परत आल्यावर ते मी स्वतः टाइप केलं. लिनक्सवर, नव्या मराठी अक्षरांत, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल असं. सहा पानं झाली. आजीचा एक शब्द बदलला नाही.

त्यानंतर मी महाड-पोलादपूर दोन्ही तालुक्यांतल्या कितीतरी शाळांमध्ये, वाचनालयांमध्ये आणि घरांमध्ये लिनक्स घातलं. मोडीत निघालेली मशीनं पुन्हा चालू झाली. मुलं त्यांच्यावर शिकली. अजून एखाद्या वाडीवरच्या शाळेत गेले की तिथले मास्तर मशीन सुरू करून त्या दोन ओळी मला दाखवतात, जशी काही मी त्या आधी बघितल्याच नाहीत. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पण ती सहा पानं गुरुजींनी वाचली ती दुपार वेगळी. माझ्या दुकानात, त्याच खुर्चीत. ते सावकाश वाचत होते. संपलं तेव्हा त्यांनी पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून वाचलं.

"मी तिच्याकडे तीनदा गेलो होतो," ते म्हणाले. एवढंच. मग त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

प्रत्येक माणसाच्या मजकुराखाली दोन ओळी लिहायची त्यांची पद्धत होती. सांगणार कोण आणि ऐकणार कोण. दोनशेच्या वर फाइलींत दुसऱ्या ओळीत त्यांचंच नाव होतं. एका बोटाने एक एक अक्षर शोधत त्यांनी भागूआजीचं नाव लिहिलं. खाली 'ऐकणार' लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"पूर्ण नाव?"

"गुरुजी, तुमचंच घाला. पुसलं मी, आणि नाव कसलं माझं?"

"ऐकलं कोणी?"

"मी."

"मग सांगा."

हजेरी घेताना थांबतात तसे ते थांबले होते, बोट कीबोर्डवर धरून. मी सांगितलं, वंदना सखाराम मोरे, महाड. त्यांनी ते लिहिलं.